अनाथांचे बापू

युद्धाच्या इतिहासात सेनापतींची नावे ठळक अक्षरांनी लिहिली जातात. कोणी कोणता प्रदेश जिंकला, कोणत्या रणांगणावर किती सैन्य लढले, याची नोंद इतिहासकार काळजीपूर्वक ठेवतात. परंतु त्याच युद्धाच्या वणव्यातून एखादे निराधार मूल उचलून ज्याने आपल्या घरी आणले, त्याचे नाव मात्र पुष्कळदा विस्मृतीत जाते. वास्तविक गाव जिंकण्यापेक्षा पोरके मूल वाढविणे अधिक कठीण आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात असे कठीण कार्य आपल्या देशातील एका संस्थानिकाने केले. या कथेचा आरंभ दूर पोलंड देशात होतो, तिचा मध्य सौराष्ट्राच्या सागरकिनारी घडतो आणि शेवट आपल्या महाराष्ट्रात, पंचगंगेच्या काठी होतो. तिचे नायक आहेत नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी.

दिग्विजयसिंहजींचा जन्म १८ सप्टेंबर १८९५ रोजी काठेवाडात जाडेजा रजपूत कुळात झाला. आज जामनगर या नावाने ओळखले जाणारे शहर ही नवानगर संस्थानाची राजधानी होती. तेथील राजास जामसाहेब म्हणत, आणि प्रजा त्यास प्रेमाने बापू या नावाने हाक मारी. दिग्विजयसिंहजींचे चुलते म्हणजे विख्यात क्रिकेटपटू रणजितसिंहजी. ज्यांच्या नावाने रणजी करंडकाचे सामने आजही खेळले जातात, तेच हे रणजी. रणजितसिंहजी अविवाहित होते. त्यांनी आपल्या या पुतण्यास दत्तक घेतले. दुसऱ्याच्या घरी वाढणे आणि तेथे आपलेपणा मिळणे म्हणजे काय, याचा अनुभव दिग्विजयसिंहजींना स्वतःच्या आयुष्यात अशा रीतीने मिळाला होता. पुढील कथेत दत्तक हा शब्द पुन्हा येणार आहे.

राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात आणि त्यानंतर इंग्लंडमध्ये त्यांचे शिक्षण झाले. १९१९ मध्ये ते सैन्यात अधिकारी झाले. इजिप्त आणि वझिरीस्तान येथे त्यांनी सेवा केली आणि १९३१ मध्ये कॅप्टन या पदावरून ते निवृत्त झाले. सैनिकाचे जीवन त्यांनी जवळून पाहिले होते. म्हणून युद्धाची झळ रणांगणापासून दूर असलेल्या माणसांनाही कशी लागते, हे त्यांना पुस्तकांतून शिकावे लागले नाही.

याच काळात पोलंड या देशाशी त्यांचा भावबंध जुळला. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाची स्थापना झाली, तेव्हा जिनीव्हा येथील त्याच्या अधिवेशनात रणजितसिंहजी हिंदुस्थानचे प्रतिनिधी म्हणून उपस्थित राहिले. इग्नात्सी पादेरेव्हस्की हे जगप्रसिद्ध पियानोवादक आणि पोलंडचे माजी पंतप्रधान तेथे आपल्या देशाची बाजू मांडीत असत. चुलत्यांच्या सहवासामुळे तरुण दिग्विजयसिंहजींचा या थोर कलावंताशी परिचय झाला, असे सांगतात. शतकाहून अधिक काळ तीन साम्राज्यांच्या टाचेखाली भरडला गेलेला आणि १९१८ मध्ये पुन्हा स्वतंत्र झालेला तो देश परतंत्र हिंदुस्थानातील एका युवकाच्या मनात घर करून राहिला.

२ एप्रिल १९३३ रोजी रणजितसिंहजींचे निधन झाले आणि दिग्विजयसिंहजी नवानगरच्या गादीवर आले. त्यांनाही क्रिकेटची आवड होती. १९३७-३८ मध्ये ते भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष झाले. त्याच सुमारास सर्व संस्थानिकांच्या नरेंद्रमंडळानेही त्यांना आपल्या प्रमुखपदी निवडले. अशा रीतीने सुखाने राज्य करावे, असे दिवस चालू असतानाच जगावर महायुद्धाचे संकट कोसळले.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर आक्रमण केले. १७ सप्टेंबर रोजी पूर्वेकडून सोव्हिएत रशियाचे सैन्य शिरले. दोन बलाढ्य शेजाऱ्यांनी तो देश आपसांत वाटून घेतला. पूर्व पोलंडमध्ये फेब्रुवारी १९४० पासून एक भयंकर प्रकार सुरू झाला. मध्यरात्री दारावर थाप पडे. सैनिक घरात शिरत आणि थोडक्या वेळात सामान बांधून निघण्याचा हुकूम देत. बायका, मुले, म्हातारी माणसे यांना कडाक्याच्या थंडीत आगगाडीच्या स्थानकावर नेले जाई आणि गुरे वाहून नेण्याच्या डब्यांत कोंडले जाई. त्या गाड्या आठवडेच्या आठवडे चालत. सैबेरियाची अरण्ये, उत्तर रशियातील बर्फाळ मुलूख, कझाकस्तानची ओसाड मैदाने ही त्यांची मुक्कामाची ठिकाणे होती. तेथे लाकडे तोडणे, माती वाहणे अशी कामे पदरी येत. अन्न अपुरे, वस्त्र अपुरे आणि औषध तर नाहीच. उपासमारीने आणि रोगाने हजारो माणसे दगावली. आईबाप गेले आणि मुले उरली.

जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केला, तेव्हा पारडे फिरले. रशियाने लंडनमध्ये असलेल्या पोलंडच्या निर्वासित सरकारशी करार केला आणि या बंदिवानांची सुटका केली. सुटका झाली, पण जावे कोठे? मायदेश जर्मनांच्या ताब्यात होता. लोकांचे थवे दक्षिणेच्या उबदार प्रदेशाकडे निघाले. वाटेत अनाथ झालेली मुले गोळा करून त्यांच्यासाठी अनाथालये उघडण्यात आली. परंतु तेथेही खाण्यास अन्न नव्हते. काही मातांनी तर आपली मुले जगावीत, एवढ्यासाठीच काळजावर दगड ठेवून त्यांना अनाथ म्हणून त्या अनाथालयांच्या स्वाधीन केले.

या मुलांना कोणीतरी आसरा द्यावा, अशी हाक पोलंडच्या सरकारने जगाला दिली. हिंदुस्थान सरकारने पाचशे मुले घेण्याची तयारी दाखविली. पण ती ठेवावयाची कोठे, हा प्रश्न उभा राहिला. त्या वेळी जामसाहेब पुढे आले. जामनगरपासून सुमारे पंचवीस किलोमीटर अंतरावर, कच्छच्या आखाताच्या काठी, बालाचडी नावाचे ठिकाण आहे. तेथे जामसाहेबांचा उन्हाळी महाल होता. त्या महालाजवळील आपली जागा त्यांनी मुलांसाठी देऊ केली आणि छावणी उभारण्याचे काम सुरू करविले. नरेंद्रमंडळाचे प्रमुख या नात्याने इतर संस्थानिकांनाही त्यांनी मदतीचे आवाहन केले. नुसती सहानुभूती दाखविणारे पुष्कळ असतात. जामसाहेबांनी जागा दाखविली.

मुंबईतील पोलंडचे वाणिज्यदूत बानासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी कीरा यांनी या कामी फार परिश्रम घेतले. औषधे, कपडे आणि अन्न भरलेल्या मोटारी हिंदुस्थानातून निघून इराणमार्गे थेट रशियाच्या हद्दीतील अश्काबाद शहरापर्यंत गेल्या आणि परतताना त्याच मोटारींतून मुलांची पहिली तुकडी आणण्यात आली. हांका ओर्दोनुवना ही पोलंडची लोकप्रिय गायिका या मुलांबरोबर होती. डोंगर आणि वाळवंट तुडवीत हा काफिला मार्च-एप्रिल १९४२ मध्ये हिंदुस्थानात पोहोचला. पुढचा प्रवास आगगाडीने होता. आगगाडी म्हणताच मुलांच्या मनात कोणत्या आठवणी जाग्या झाल्या असतील, याची आपण कल्पना करू शकतो. दोन वर्षांपूर्वी ज्या आगगाडीने त्यांना घरातून ओढून नेले होते, तशाच आगगाडीने ती आता सुरक्षित भूमीकडे चालली होती. लोखंडी रूळ तेच असतात. ते मरणाकडे न्यावयाचे की जीवनाकडे, हे माणसांनी ठरवावयाचे असते.

मुंबईस आल्यावर मुलांना प्रथम वांद्रे येथे ठेवण्यात आले. त्यांचे हातपाय काटक्यांसारखे झाले होते. कित्येकांना पोटभर जेवणाची सवयच राहिली नव्हती. मिळालेली भाकरी ती उशाखाली लपवून ठेवीत. तेथे काही महिने औषधोपचार झाल्यावर जुलै १९४२ मध्ये ती बालाचडीस गेली.

स्वागतासाठी जामसाहेब स्वतः उपस्थित होते. त्यांनी मुलांना सांगितले की, आजपासून त्यांनी स्वतःस अनाथ समजू नये. ती आता नवानगरची मुले आहेत आणि नवानगरच्या साऱ्या प्रजेप्रमाणे आपण त्यांचेही बापू आहोत. भाषा परकी होती, तरी बापू हा शब्द मुलांना लगेच कळला. पुढे आयुष्यभर ती त्यांना याच नावाने ओळखत राहिली.

एखाद्या निराश्रितास जेवण देणे हे पुण्यकर्म खरे. परंतु जामसाहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. ही मुले एक दिवस आपल्या देशी परत जातील, तेव्हा ती आपली भाषा आणि आपला इतिहास विसरलेली नसावीत, असा त्यांचा विचार होता. त्यांनी पाहुण्यांसाठी असलेले आपले निवासस्थान शाळेसाठी दिले. तेथे पोलिश शिक्षक पोलिश भाषेत शिकवीत. पोलिश पुस्तकांचे ग्रंथालय उभे राहिले. फ्रान्सिशेक प्लुता नावाचे ख्रिस्ती धर्मगुरू छावणीचे प्रमुख होते आणि मुले आपल्या धर्माप्रमाणे प्रार्थना करीत. छावणीत पोलंडचा पांढरा-तांबडा ध्वज फडके. त्या काळी पोलंडमध्ये तो ध्वज उभारणे हा गुन्हा ठरे. काठेवाडच्या किनाऱ्यावर मात्र तो मोकळ्या वाऱ्यात डोलत होता. एका हिंदू राजाने ख्रिस्ती मुलांना आश्रय दिला, पण त्याबद्दल त्यांचा धर्म, भाषा किंवा नाव यांपैकी काहीही मागितले नाही. आश्रय देणाऱ्याच्या मनाचा मोठेपणा येथेच दिसून येतो.

मुलांच्या संगोपनात त्यांचे बारीक लक्ष असे. मुले फुटबॉल खेळत, समुद्रात पोहत, बालवीरांच्या पथकात कवायत करीत. सणावाराला ती आपली लोकनृत्ये व नाटके करीत आणि ती पाहण्यास जामसाहेब आवर्जून येत. एक गमतीची हकिकत सांगतात. छावणीत जेवणात पालक वारंवार येऊ लागला. मुलांना तो मुळीच आवडेना. शेवटी त्यांनी संप पुकारला. ही वार्ता जामसाहेबांच्या कानी गेली, तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी मुलांना पालक वाढू नये, असे स्वयंपाक्यांना सांगितले. ज्या मुलांनी उपासमारीने मरणारी माणसे पाहिली होती, ती मुले आता भाजी आवडत नाही म्हणून रुसू लागली होती. आपण घरी आहोत, असे वाटल्यावाचून मूल रुसत नाही. जामसाहेबांना हे कळले असावे.

बालाचडीच्या छावणीत सहाशेहून अधिक मुले राहून गेली. परंतु आसऱ्याची गरज असलेले लोक याहून कितीतरी अधिक होते. १९४२ मध्ये एक लाखाहून अधिक पोलिश सैनिक व नागरिक कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणमध्ये आले होते. त्यांपैकी स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी हिंदुस्थानात दुसरी, मोठी वसाहत उभारण्याचे ठरले. तिच्यासाठी करवीर संस्थानातील, कोल्हापूरजवळचे वळिवडे हे गाव निवडण्यात आले. हवा उत्तम, पंचगंगेचे पाणी जवळ आणि दाराशी आगगाडीचे स्थानक अशी ही जागा होती.

१९४३ च्या मध्यापासून कराचीकडून आलेल्या या निर्वासितांच्या तुकड्या वळिवड्यास उतरू लागल्या. पाहता पाहता तेथे सुमारे पाच हजार लोकांचे गाव वसले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुलेच होती, कारण कर्ते पुरुष आघाडीवर लढत होते. खर्चाचा भार पोलंडच्या निर्वासित सरकारने उचलला; जागा व शेजार कोल्हापूरने दिला. बैठ्या चाळींत प्रत्येक कुटुंबास स्वतंत्र खोल्या मिळाल्या. शाळा, इस्पितळ, प्रार्थनामंदिर, नाट्यगृह अशा सर्व सोयी झाल्या. कोल्हापूरचे व्यापारी तेथे दुकाने मांडीत. पोलिश बायका त्यांच्याशी मोडक्यातोडक्या मराठीत भाव करीत. प्रकृतीने अशक्त असलेल्या मुलांना पाचगणीच्या निरोगी हवेत पाठविले जाई.

हे सर्व घडत होते, तेव्हा आपल्या देशाची स्थिती कशी होती? देश परतंत्र होता. १९४३ मध्ये बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे अन्नान्न करून मेली. जो देश स्वतः दुःखात होता, त्याच्याच भूमीवर दुसऱ्या दुःखितांसाठी चुली पेटल्या. भरल्या कोठारातून दिलेल्या धान्यापेक्षा अर्ध्या भाकरीतून दिलेल्या घासाचे मोल अधिक असते.

१९४५ मध्ये युद्ध संपले. पण मुलांची परीक्षा संपली नव्हती. ज्या पूर्व पोलंडमध्ये त्यांची घरे होती, तो भाग आता सोव्हिएत रशियात सामील झाला होता. उरलेल्या पोलंडमध्ये रशियाच्या प्रभावाखालचे नवे सरकार आले आणि मुलांना परत पाठविण्याची मागणी होऊ लागली. ज्यांच्या अत्याचारामुळे आईबाप गमावले, त्यांच्याच छायेत पुन्हा जाण्याच्या कल्पनेने मुलांचा थरकाप उडाला. ज्यांचे कोणी पालक नाहीत, त्यांच्या वतीने नकार कोण देणार? या वेळी जामसाहेबांनी, फादर प्लुता आणि छावणीचे संपर्काधिकारी कॅप्टन जेफ्री क्लार्क यांच्यासह, या मुलांचे कायदेशीर पालकत्व स्वीकारले. त्यांनी मुलांना दत्तक घेतले. स्वागताच्या दिवशी बापू म्हणून दिलेला शब्द केवळ समारंभापुरता नव्हता, हे चार वर्षांनंतर सिद्ध झाले. गोड बोलण्यास खर्च पडत नाही. दिलेल्या शब्दाखाली सही करण्याची वेळ येते, तेव्हा माणसाची खरी पारख होते.

१९४६ मध्ये बालाचडीची छावणी बंद झाली. निरोप घेताना मुलांना रडू आवरले नाही. काही मुले अमेरिकेस गेली, तर पुष्कळ मुले आगगाडीने आपल्या महाराष्ट्रातील वळिवड्यास आली. १९४८ पर्यंत वळिवड्याची वसाहतही रिकामी झाली. कोणी इंग्लंडला, कोणी ऑस्ट्रेलियाला, कोणी मायदेशी, असे सारे पांगले. परंतु त्या चाळी ओस पडल्या नाहीत. देशाच्या फाळणीमुळे सिंधमधून घरदार सोडून आलेल्या आपल्याच बांधवांना तेथे आसरा मिळाला आणि त्या वस्तीस गांधीनगर हे नाव पडले. पोलंडच्या निर्वासितांनी सोडलेल्या घरांत हिंदुस्थानच्या निर्वासितांनी दिवा लावला.

जामसाहेबांच्या आयुष्याचा उत्तरार्धही कर्तृत्वाने भरलेला आहे. ऑगस्ट १९४७ मध्ये त्यांनी आपले संस्थान भारतात सामील केले. १९४८ मध्ये काठेवाडातील संस्थाने एकत्र येऊन सौराष्ट्र राज्य बनले, तेव्हा ते त्याचे राजप्रमुख झाले आणि १९५६ पर्यंत त्या पदावर राहिले. नंतर सौराष्ट्र मुंबई राज्यात आले. त्यामुळे १९६० पर्यंत जामनगर आणि कोल्हापूर ही दोन्ही आश्रयस्थाने एकाच राज्यात नांदत होती. संयुक्त राष्ट्रसंघातही त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. सोमनाथ मंदिराच्या पुनर्निर्माणास त्यांनी साहाय्य केले आणि आयुर्वेदाच्या अभ्यासास प्रोत्साहन दिले. ३ फेब्रुवारी १९६६ रोजी मुंबई येथे त्यांचे देहावसान झाले.

युद्धकाळात पोलंडचे पंतप्रधान सिकोर्स्की यांनी जामसाहेबांना या उपकाराची फेड कशी करावी, असे विचारले होते, अशी कथा सांगतात. पोलंड स्वतंत्र झाल्यावर तेथील एखाद्या रस्त्यास आपले नाव द्यावे, एवढेच त्यांनी मागितले. ही इच्छा त्यांच्या हयातीत पूर्ण झाली नाही. १९८९ मध्ये पोलंडमध्ये राज्यव्यवस्था बदलली, त्यानंतर त्यांची आठवण उघडपणे काढता येऊ लागली. वॉर्सा या राजधानीतील एका शाळेने १९९९ मध्ये त्यांचे नाव धारण केले. तेथील एका चौकास सज्जन महाराजांचा चौक असे नाव देण्यात आले आणि २०१४ मध्ये तेथे त्यांचे स्मारक उभे राहिले. पोलंडने त्यांना मरणोत्तर सन्मानपदक दिले. २०१६ मध्ये, त्यांच्या निधनास पन्नास वर्षे झाली तेव्हा, तेथील लोकसभेने त्यांच्या स्मरणार्थ ठराव संमत केला. कोल्हापुरातील महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांनी उभारलेला कृतज्ञतेचा स्तंभ आहे आणि वॉर्सा येथे कोल्हापूरच्या नावाचेही स्मारक आहे. २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी पोलंडला भेट दिली, तेव्हा या दोन्ही स्मारकांना त्यांनी वंदन केले.

बालाचडीची मुले पुढे जगभर विखुरली. कोणी शिक्षक झाले, कोणी अभियंते, कोणी लेखक. वृद्धापकाळी, पांढरे केस आणि थरथरणारे हात घेऊन, त्यांतील काही जण पुन्हा त्या किनाऱ्यावर येऊन गेले. आज बालाचडीस सैनिकी शाळा आहे. ज्या मैदानावर एके काळी पोरकी मुले खेळली, तेथे आता भारतीय विद्यार्थी खेळतात.

राज्ये येतात आणि जातात. नवानगरचे संस्थान राहिले नाही, गादी राहिली नाही. परंतु दूरच्या देशातील लोक आपल्या मुलाबाळांना अजून एका बापूंची गोष्ट सांगतात. दाराशी आलेल्या मुलाची जात, धर्म, देश न विचारता त्याला आपले म्हणणे, आणि एकदा आपले म्हटल्यावर शेवटपर्यंत त्याचा हात न सोडणे, हाच राजधर्म जामसाहेबांनी आचरून दाखविला. त्यासाठी राजाच असावे लागते, असे मात्र नाही.

स्वाध्याय

१. पोलंडमधील मुले अनाथ कशामुळे झाली?
२. मुलांना त्यांच्याच भाषेत शिक्षण मिळावे, असे जामसाहेबांना का वाटले असेल?
३. पालकाच्या हकिकतीवरून मुलांच्या मनःस्थितीत झालेला कोणता बदल दिसून येतो?
४. जामसाहेबांनी मुलांना दत्तक घेतले, या घटनेचे महत्त्व तुमच्या शब्दांत लिहा.
५. वळिवड्याच्या वसाहतीस दोनदा आश्रयस्थान का व्हावे लागले, ते सांगा.